हलका हात

लिफाफा फक्त मी उघडायचा.
बाकी सगळ्यांनी आंधळं राहायचं, असा नियम.
डॉक्टर सेपूल्वेदा दाराबाहेर, काचेकडे पाठ करून,
पेशंट खाटेवर, छताकडे तोंड,
आणि फायलीवर छापलेलं: दुहेरी अंध चाचणी.
पुएर्तो मोंतच्या डोळ्यांच्या वॉर्डात
हा शब्द आम्ही जरा हळूच उच्चारतो.

भूल देणं हा माझा पेशा.
थेंब सगळ्यांनाच, आणि खरे.
बुबुळ त्यानंच बधिर होतं, बहुतेकांचं.
वरून सुई लागते का, एवढंच बघायचंय,
म्हणून अर्ध्यांना सुई,
अर्ध्यांना सुईचा देखावा.

देखाव्याचाही पाठ असतो, तो मला झोपेत येतो.
वर बघा. गार लागेल. आता मुंगी चावल्यासारखं.
स्पिरिटचा बोळा,
मग बिनसुईची सिरिंज खालच्या पापणीशी टेकवून
अंगठ्यानं दाब,
दहा आकडे, ना कमी ना जास्त.
ट्रे वाजवायचा, खऱ्या वेळी वाजतो तसाच.
टोपणसुद्धा काढायचं, टक्,
टाकूनच द्यायच्या एका सुईवरचं.

नंबर एकेचाळीस: एउलोहियो बारीया.
चिलोए बेटावरून फेरीबोटीनं आलेला,
जन्मभर बटाट्यांचा व्यापार,
नखांत अजून जांभळी माती.
संमतिपत्र मी वाचून दाखवलं, दोनदा.
"म्हणजे तुम्ही मला फसवणार,
पण आधी सांगून?"
"कदाचित. कदाचित नाही."
तो हसला. "चाळीस वर्षं तराजू धरलाय, डॉक्टरबाई.
अंगठा कुठल्या पारड्यावर आहे
ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हीच सगळी कला.
सही मात्र मी कुणाची घेतली नाही."
आणि सही केली, रेघेच्या दोन बोटं खाली;
रेघ त्याला दिसत नव्हती.

लिफाफ्यात निघाला देखावा.
मापात पाप, असं म्हणतात. इथे पाप नव्हतं,
समितीनं तपासलेलं माप होतं, शिक्क्यासकट.
तरी सात, आठ मोजताना
त्यानं माझं मनगट घट्ट धरलं,
नसलेल्या सुईच्या
असलेल्या भीतीनं.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?
मी रकाना शोधला. नव्हता.

अकरा मिनिटांत मोतीबिंदू निघाला.
दुखण्याचा आकडा सांगा, शून्य ते दहा.
"एक. तोही पाठीचा, तुमची खाट कडक आहे."
मग माझ्या आवाजाच्या दिशेनं:
"सुई तर कळलीसुद्धा नाही.
देवानं हलका हात दिलाय तुला, पोरी."
मी आभार मानले. दुसरं काय करणार,
सेपूल्वेदा शेजारी उभे होते,
अजून आंधळे.

डाव्या डोळ्यासाठी तो सहा महिन्यांनी आला.
चाचणी संपली होती, आकडे कुलपात,
सांतियागोत कुणीतरी बेरजा करत होतं.
हा मोतीबिंदू जुना, खड्यासारखा,
वेळ लागेल, इंजेक्शन द्याच, म्हणाले डॉक्टर.
"मग तीच बाई हवी," त्यानं हट्ट धरला,
"हलक्या हाताची."

वर बघा. गार लागेल.
मुंगी चावल्यासारखं म्हणायला मी विसरले.
तो ओरडलाच.
"काय झालं गं तुला? हात जड झाला!"

आता सांगायला हरकत नव्हती.
मी तोंड उघडलंही असेल.
पण तो मान वळवून ट्रेकडे बघत होता,
उजव्या डोळ्यानं, आम्हीच लख्ख करून दिलेल्या:
सुई, तिच्या टोकाशी एक थेंब,
मग माझा अंगठा.
बराच वेळ अंगठा.

"हं," तो म्हणाला,
व्यापाऱ्यानं व्यापाऱ्याला म्हणावं तसं,
आणि मान सरळ करून
मी न सांगताच
वर बघितलं.